गच्चीवरचे उपअभियंता

निवृत्त माणूस बागेच्या नादी लागला आहे की नाही हे ओळखायचं असेल तर त्याची नखं बघावीत. पेन्शनरांची नखं एरवी स्वच्छ असतात. ती कापायला त्यांच्याकडे वेळच वेळ असतो. बागवाल्या काकांच्या नखांत मात्र मातीची काळी रेघ असते आणि ती साबणाने, लिंबाने, काकूंच्या बोलण्याने, कशानेच जात नाही. नातवाच्या मुंजीच्या फोटोतही ती रेघ दिसते. दुसरी खूण खिशाची. जिथे पूर्वी पेन असायचं तिथे आता वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेलं कसलंतरी बी असतं. कसलं, ते त्यांनाही आठवत नाही. आणि म्हणूनच ते पेरावं लागतं. तिसरी खूण अशी, की कुणाच्या घरी गेले की काका आधी माणसांकडे बघत नाहीत, बाल्कनीकडे बघतात. आमच्या सोसायटीतले काका एकदा एका घरी समाचाराला गेले होते. रीतीप्रमाणे मान खाली घालून बसले, आणि मग हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "ती कोपऱ्यातली शेवंती कुठली हो?" सगळे चपापले. पण त्या घरातल्या आजींनी पदराने डोळे पुसले आणि पुढचा सगळा वेळ त्या शेवंतीबद्दलच बोलत राहिल्या. ती त्यांच्या यजमानांनी लावलेली होती.

पुण्यात सोसायटी तिथे असे काका आहेत, आणि त्यांच्यात पोटजाती आहेत. माणूस ज्या खात्यातून निवृत्त होतो ते खातं तो गच्चीवर चालू ठेवतो. बँकेतले काका गुलाब लावतात. ऑक्टोबरात छाटणी केली की फुलांची मुदत कधी भरते ते कॅलेंडरवर मांडून ठेवतात. शाळेतले काका प्रत्येक कुंडीला पाटी लावतात, वर मराठी नाव, खाली शास्त्रीय, आणि चहाला आलेल्या पाहुण्यांची तोंडी परीक्षा घेतात. पोलिसातल्या काकांच्या कुंड्या उंचीप्रमाणे एका रांगेत उभ्या असतात आणि त्यातलं एकही झाड वाकडं वाढायला धजत नाही.

आमचे काका पाटबंधारे खात्यातले. अठ्ठावन्नाव्या वर्षी उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. सेकंदाला 28 लिटरहून थोडं जास्त पाणी वाहिलं की एक क्युसेक होतो; असे शेकडो क्युसेक कालव्यात सोडायचे नाहीतर अडवायचे, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता ते मगाने पाणी घालतात. भाषा मात्र तीच. रोज सकाळचं पाणी म्हणजे 'पाळी'. मार्चपासून सुरू होतं ते 'उन्हाळी आवर्तन'. नळाजवळच्या कुंड्या म्हणजे 'हेड', आणि पाइप जिथे पोचत नाही तो टाकीमागचा कोपरा म्हणजे 'टेल'. टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही ही तक्रार नोकरीभर ऐकून त्यांच्या इतकी जिव्हारी लागली आहे, की गच्चीवर ते आधी बादल्या उचलून टेल भिजवतात आणि मग हेडकडे येतात. आधी टेल, मग हेड हा नियम सर्वांना तोंडपाठ असतो. पाळलेला मी फक्त आमच्या गच्चीवर पाहिला.

गच्चीची एक नोंदवहीही आहे. खात्यातल्या मोजमाप पुस्तिकेच्या धर्तीवर काकांनी ती स्वतः आखली. रकाने पाच: कुंडी क्रमांक, लागवड, अपेक्षित, प्रत्यक्ष आणि शेरा. सुरुवातीच्या पानांवर खात्याचा दरारा दिसतो. 'कोथिंबीर. अपेक्षित : आठ दिवसांत उगवण. प्रत्यक्ष : निरंक. शेरा : कारणे शोधून अहवाल सादर करावा.' अहवाल सादर करणारा आणि तो मागवणारा एकच असल्यामुळे तो महिनाभर काकांकडेच प्रलंबित राहिला. शेवटी काकूंनी सांगितलं, "अहो, धने अख्खे पेरलेत. चपलेखाली रगडून दोन फोडी करायच्या असतात." ही माहिती वहीत 'स्थानिक चौकशीवरून' अशी नोंदलेली आहे. स्थानिक कोण, याचा उल्लेख नाही.

मातीच्या प्रकरणात मात्र त्यांच्यातला अभियंता जागा झाला. भिजलेल्या मातीचा एक घनमीटर दीड टनाच्या पुढे जातो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मुंबईच्या डॉ. आर. टी. दोशींनी उसाच्या चिपाडात गच्चीवर भाजी पिकवायची पद्धत लोकप्रिय केली होती. ती काकांनी उचलली. त्यामुळे उन्हाळ्यात काका रसवंतीगृहात जातात, रस पीत नाहीत, आणि चिपाडाचं पोतं खांद्यावर मारून येतात. मधुमेहामुळे रस पिता येत नाही, पण रसवंतीचं इतकं ऋण दुसऱ्या कुणावर नसेल. हिवाळ्यात चिपाडाची जागा पाचोळा घेतो. पुण्यात ज्यांच्याकडे पाचोळा आहे आणि ज्यांना तो हवा आहे त्यांची गाठ घालून देणारे गट आहेत. एका रविवारी अनोळखी बंगल्यासमोर काका पोती घेऊन उभे, आणि आतली बाई म्हणतेय, "या ना, अजून मागच्या बाजूचा झाडायचाय." काकांनी तो झाडला. स्वतःच्या घरात त्यांनी झाडू धरल्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

उशाशी श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' असतं, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब भागू शकतं, असा दाभोळकरांचा विचार. काकांच्या घरात माणसं दोन आणि वाट्याची गच्ची गुंठाभर. थोडं इकडेतिकडे करून हिशेब जमायला हवा होता. काकू म्हणतात, जमतो की; फक्त मंडईतल्या भाजीवाल्याला कुटुंबात धरावं लागतं.

हे काकूंचं बोलणं भेंडीवरून आलेलं आहे. काकांची भेंडी उत्तम येते, पण ती दिवसाला तीन येते. चौथी उद्यावर असते. तीन भेंड्यांची भाजी होत नाही, म्हणून त्या फ्रिजमध्ये जातात आणि उरलेल्यांची वाट बघतात. झाडावर ठेवाव्यात तर एका दिवसात जून होतात. आठवड्याने भाजीपुरत्या जमतात तेव्हा पहिल्या तीन सुकलेल्या असतात, आणि त्या नेमक्या काकांच्या पानात येतात. काका त्या चावून चावून खातात आणि म्हणतात, "चव बघ. बाजारची अशी लागत नाही." हे मात्र खरं आहे. बाजारची अशी लागत नाही.

बागेत रासायनिक काही चालत नाही. सुभाष पाळेकरांच्या जीवामृताचं प्रमाण काकांना पाठ आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर जिवंत माती. हे एकराचं झालं. काकांनी त्रैराशिक मांडून बादलीचं काढलं: दहा लिटर पाणी, अर्धा किलो शेण, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन. त्या संध्याकाळी काकू पिठलं करायला गेल्या तर डब्यात बेसन नाही. "झाडांना घातलं," काका म्हणाले. "मग जेवायला त्यांच्याकडेच जा," काकू म्हणाल्या. त्यापेक्षा मोठं प्रकरण दशपर्णी अर्काचं झालं. दहा प्रकारचा पाला शेण-गोमूत्रात महिनाभर कुजवायचा आणि गाळून किडीवर फवारायचा. किडीवर त्याचा परिणाम व्हायला वेळ लागतो. माणसांवर लगेच होतो. पिंप लिफ्टमधून वर गेलं त्या दिवशी पाचव्या मजल्यापर्यंतची सगळी मंडळी जिन्याने चढली, आणि दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'लिफ्टमधून सेंद्रिय द्रव्ये नेऊ नयेत.' जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण तेवढा तिथेच होता. तो शेवटी काकूंनी जुन्या टूथब्रशने घासून काढला.

गच्ची म्हटली की गळती आली, आणि गळती म्हटली की वार्षिक सर्वसाधारण सभा. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या छताला ओल आली होती. त्यांनी मोबाइलवरचे फोटो सभेत फिरवले. काकांनी ते चष्मा लावून बघितले आणि म्हणाले, "हा वहनव्यय आहे. कालवा म्हटला की काही पाणी वाटेत मुरायचंच." सभेला हे पटलं नाही. काकांनीही ताणून धरलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळ्या कुंड्या लोखंडी स्टँडवर चढवल्या, खाली ताटल्या दिल्या, आणि गच्चीचा तेवढा भाग स्वखर्चाने वॉटरप्रूफ करून घेतला. ओल थांबली. तरीही त्या गृहस्थांना काका अजून 'प्रकल्पग्रस्त' म्हणतात आणि प्रत्येक भाजीचा पहिला तोडा त्यांच्याकडे पोचवतात. पुनर्वसनाचं एवढं चोख काम आपल्या हातून नोकरीत झालं नाही, असं एकदा ते मला म्हणाले. गृहस्थांचंही आता काही म्हणणं नाही. फक्त सारखी वांगीच येतात, एवढंच.

काकांनी नोकरीत खात्याची पेन्सिलसुद्धा घरी नेली नाही. ठेकेदाराचा दिवाळीचा बॉक्स दारातून परत पाठवायचे. तोच माणूस आता लोकांच्या कुंपणावरून फांद्या मोडतो. चोरून आणलेली फांदी हमखास जगते, या लोकश्रद्धेवर काकांचा पूर्ण विश्वास आहे. अभियांत्रिकीचं शिक्षण इथे आड येत नाही. पावसाळ्यात बाहेर पडताना ते ओला रुमाल घेऊन निघतात. देवळाच्या आवारातली तगर, दवाखान्याच्या पायरीवरचा क्रोटन, मंगल कार्यालयाच्या दारातली कण्हेर, असं सगळं त्या रुमालातून आलेलं आहे. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना काका दिसेनात. काकू शांतपणे म्हणाल्या, "मागच्या अंगणात बघा. येताना सोनटक्का पाहिलाय त्यांनी."

जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला, एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं. ही बाग सांभाळणारी अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया 1830 सालची, म्हणजे संस्था काकांपेक्षा बरीच वडील. नाहीतर त्यांनी तिलाही दोन सूचना केल्या असत्या. काका तिथे खिशात मोजपट्टी घेऊन जातात. बक्षीस मिळालेल्या डेलियासमोर उभे राहून व्यास मोजतात आणि म्हणतात, "खत जास्त दिलंय." काकूंची अट असते, एकच रोप आणायचं. काका अट पाळतात. विकत एकच घेतात. बाकीची पाच 'मिळालेली' असतात.

बागेतलं सगळ्यात नाजूक खातं दुधी भोपळ्याचं. वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागे बोटभर दुधी आधीच तयार असतो, पण पराग पोचले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्याचं काम करतात रात्री फिरणारे पतंग. सातव्या मजल्यावर पतंगांचा भरवसा नाही. मग दिवेलागणीला काका वर जातात, नर फूल खुडतात, पाकळ्या मागे मुडपतात आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवतात. तुळशीचं लग्न वर्षातून एकदा लागतं. काका दुधीचं रोज संध्याकाळी लावतात. मला बॅटरी धरून नवरीच्या मामासारखं मागे उभं राहावं लागतं. एकदा एका पाहुण्याने विचारलं, "हे पन्नास रुपयांत मंडईत मिळत नाही का?" काकांनी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. "मिळतं," ते म्हणाले, "पण तिथे बोलावणं नसतं."

पावसाळ्यात एका रात्री अख्ख्या सोसायटीला बोलावणं असतं. 'आज अकरा वाजता ब्रह्मकमळ, चार फुले' असा निरोप व्हॉट्सअॅपवर येतो. लोक गाऊन, बर्म्युडा, मफलर अशा वेशात गच्चीवर जमतात. एरवी पार्किंगवरून एकमेकांशी न बोलणारी माणसं एकाच कुंडीभोवती वाकून उभी राहतात. कळी बघता बघता सैल होते, वास सुटतो, कुणीतरी उदबत्ती लावतं, काकू कॉफी फिरवतात. काकांना राहवत नाही. ते सांगतात की खरं ब्रह्मकमळ हिमालयात उगवतं; हे मेक्सिकोकडचं निवडुंग आहे आणि ज्याला आपण पान म्हणतो ती त्याची चपटी फांदी आहे. हात जोडून उभ्या असलेल्या भिशीच्या बायका जरा ओशाळतात. तेव्हा काकू कपात कॉफी ओतता ओतता म्हणतात, "मिरचीपण तिकडचीच, बटाटापण तिकडचाच. उपासाला चालतो ना बटाटा? मग करा नमस्कार." सकाळी फुलं मिटून माना टाकतात, आणि पार्किंगचं भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं.

मी ती नोंदवही मधूनमधून चाळतो, आणि त्यात वर्षागणिक शेऱ्याचा रकाना कसा बदलत गेला ते बघण्यासारखं आहे. पहिल्या वर्षी 'खुलासा मागवावा' आणि 'पुन्हा असे होता कामा नये' असे शेरे आहेत. ते बियांना उद्देशून आहेत. मग एका पानावर असं दिसतं: 'कुंडी क्र. 9. लागवड : गाजर. प्रत्यक्ष : टोमॅटो.' ओल्या कचऱ्याच्या खतातून कधीचं तरी बी आलेलं. शेऱ्याच्या जागी आधी काहीतरी लिहून खोडलेलं आहे आणि वर लिहिलंय, 'चांगले आहेत.' पुढे हे वाढतच गेलं. पाकिटातलं महागडं बी रुसून बसलं आणि खरकट्यातून पपई उगवली. काकूंनी मंडईतल्या जुडीचे देठ जाता जाता खोचले, त्याचा पुदिना रानासारखा माजला. त्याची नोंद 'विनापरवाना लागवड' अशी आहे. टाकीच्या ओव्हरफ्लोखाली काकूंचं अळू तर काहीही न करता छत्रीएवढं झालं आणि गच्चीवरची सगळ्यात देखणी गोष्ट तीच आहे. काकांनी त्या अळूला क्रमांक दिलेला नाही. पण फतफतं दोनदा वाढून घेतात.

कबुतरांशी त्यांचं वर्षभर युद्ध चालू होतं. जुन्या सीडी टांगून झाल्या, जाळी झाली, प्लॅस्टिकचा साप झाला. एके सकाळी मेथीच्या कुंडीत दोन अंडी दिसली आणि त्यांच्यावर ती बाई बसलेली, काकांकडे रोखून बघत. काकांच्या हातात भरलेला मग होता. त्यांनी तो शेजारच्या कुंडीत रिकामा केला. त्या दिवशीची नोंद: 'क्र. 17. अतिक्रमण. आवर्तन स्थगित.' कबुतरं साधारण अठरा दिवस अंडी उबवतात. पिल्लं निघाली, ती कुरूप होती, रोज मोठी होत गेली, आणि मेथी वाळून गेली. मग दुसरी नोंद आली: 'अतिक्रमण नियमित करण्यात येत आहे.' युद्ध अजून चालू आहे, पण ते आता बाकीच्या कबुतरांशी.

मुलीकडे न्यू जर्सीला जायची वेळ आली तेव्हा काकांना पासपोर्टपेक्षा उन्हाळी आवर्तनाची चिंता होती. मुलीसाठी कढीलिंबाचं एक रोपही न्यायचं होतं. पण अमेरिकेत ताज्या कढीलिंबाला मज्जाव आहे; लिंबू-संत्र्यांच्या झाडांना घातक रोग पसरवणारा किडा त्याच्यावर पोसतो. "मला व्हिसा दिला, त्याला नाही," काका उदासपणे म्हणाले. माझी पाटकरी म्हणून नेमणूक झाली आणि हातात पाळीपत्रक पडलं. त्यातली काही कलमं अशी: 'पाणी सकाळी आठच्या आत द्यावे. कोरफडीला देऊ नये. ती मागणार नाही. मोगऱ्याच्या बाबतीत काटकसर नको. फुले आपल्या घरी न्यावीत. कढीलिंब न विचारता न्यावा, पण शेंडा खुडावा, फांदी ओरबाडू नये. कुंडी क्र. 31 रिकामी दिसते. ती रिकामी नाही.'

एकतीस नंबरच्या कुंडीत मे महिन्यात नुसती माती होती. मी तिला मुकाट्याने पाणी घालत होतो. सरकारी कागदावर लिहिलेलं असलं की माणूस विचार करत नाही. एक दिवस मातीतून जाड देठ वर आला आणि बघता बघता त्याच्या टोकाला लालभडक चेंडू फुलला. ते मे फ्लॉवर होतं. त्याचा कंद वर्षातले कितीतरी महिने मातीत गप्प पडून राहतो. मी फोटो पाठवला. तिकडे मध्यरात्र असणार, तरी लगेच व्हिडिओ कॉल आला. काका बनियनवर, मागे अंधार. "जवळ घे. अजून जवळ. दोन वर्षं आलं नव्हतं रे!" मग त्यांची नजर बाजूला गेली. "ते शेजारी काय उगवलंय?" मी म्हणालो, "वेल आहे कसला तरी. कुणी लावला नाही." पूर्वीचे उपअभियंता असते तर चौकशी लागली असती. काका म्हणाले, "असू दे. काठी लाव त्याला."

परत आल्यावर त्यांनी रंगाच्या मोठ्या डब्यात आंब्याची कोय लावली. आमच्या विंगमधला एक आयटीतला मुलगा गच्चीवर फोनवर बोलायला येतो, त्याने विचारलं, "आंबे कधी लागतील, काका?" काका म्हणाले, "कोयीचं झाड आहे. सात-आठ वर्षं धर. डब्यात जास्तही लागतील." मुलाने मनातल्या मनात बेरीज केली असावी, कारण तो जरा गडबडला आणि म्हणाला, "मग कलम का नाही आणलं? लवकर लागतात." काका त्याच्यावर रागावले नाहीत. "कलम आणलं की कुठला आंबा येणार ते ठाऊक असतं," ते म्हणाले. "कोयीतून काय निघेल, कुणी सांगावं?" त्या कुंडीपुढे वहीत अपेक्षित रकाना कोरा आहे. शेरा एकाच शब्दाचा आहे: 'बघू.'

बागकामाने उतारवयात रक्तदाब उतरतो, झोप लागते, गुडघे मोकळे होतात, असं लोक सांगतात. काकांचा रक्तदाब होता तेवढाच आहे आणि गुडघे कुंड्या उचलून जास्तच दुखतात. सुधारला तो शेरा. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक थेंबाचा हिशेब मागितला आणि स्वतःही दिला, त्याला आता मूठभर कोथिंबीर जुमानत नाही, आणि त्याला ते आवडू लागलं आहे. पेन्शनीत एवढी बढती क्वचितच कुणाला मिळते.

तेव्हा तुमच्या सोसायटीत गच्चीवरच्या कुंड्या हटवण्याचा ठराव सहीसाठी आला, तर सही करण्याआधी एकदा सकाळी आठच्या आत वर जाऊन या. 'एवढ्यात भाजी होते का?' हा प्रश्न विचारू नका, होत नाही. 'कीड आहे का?' हेही विचारू नका, आहेच. गळती असेल तर मात्र स्पष्ट सांगा, ते दुरुस्त करतील. खाली येताना हातात पुदिना किंवा वांगी दिली जातील, ती नाही म्हणू नका. आणि ज्या डब्यातून देतील तो डबा आठवणीने परत करा. त्यात त्यांना काहीतरी लावायचं असतं.